बायोडाटातली भोकं: तुकड्या-तुकड्यांच्या नोकऱ्यांनंतर एमबीए किंवा परदेशी मास्टर्स जमतं का?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा २९ वर्षांचा, पंचगंगेकाठच्या गावातला, २०१८ चा मेकॅनिकल इंजिनिअर. ऑगस्ट २०१८ पासून ११ महिने कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला, काँट्रॅक्टरच्या पे-रोलवर. त्यानंतर महापुराचं वर्ष घरीच. जानेवारी २०२० ला चाकणला नोकरी, ती लॉकडाउनमध्ये मे महिन्यात गेली. मग २०२२ अखेरपर्यंत पुण्यात राहून एमपीएससी. २०२३ मध्ये आठ महिने एका ऑनलाइन क्लासेसच्या कंपनीत सेल्स. फेब्रुवारी २०२४ पासून वडिलांच्या पंप आणि पाइपच्या दुकानात. आता एमबीए करावं की जर्मनीला मास्टर्सला जावं हे ठरत नाही. "मॅडम, सात वर्षं वाया गेली, बायोडाटा चाळणीसारखा झालाय. सेल्सची नोकरी लपवू का? मित्र म्हणतो, सलग अनुभवाचं एक लेटर आणून देतो. घेऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. घेऊ नकोस. का ते पुढे येईलच.

मी १९९८ ला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपट मांडण्यापासून सुरुवात केली. पुढची बरीच वर्षं गोकुळ शिरगावच्या बाजूला पर्सोनेल, म्हणजे आता ज्याला एचआर म्हणतात ते, बघितलं. मध्ये इथल्या दोन-तीन मॅनेजमेंट कॉलेजांच्या मुलाखतींना पॅनेलवर बसले. तुझ्यासारखे बायोडाटे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेत. दुसऱ्या बाजूचं सांगायचं तर माझ्याच बायोडाटात २००६ ते २००९ असं तीन वर्षांचं भोक आहे.

"सात वर्षं वाया" हे वाक्य आधी तपासून बघू. एक कागद घे, त्यावर जुलै २०१८ पासून महिन्याला एक अशा चौकटी आखून घे. जून २०२५ पर्यंत ८४ चौकटी होतात. पगाराचे महिने भर: फाउंड्री ११, चाकण ५, सेल्स ८. झाले २४. दुकानाचे १७. एमपीएससीचे ३१. उरले १२. त्यातला एक निकालानंतरचा, सहा पुराच्या वर्षातले, पाच सेल्स सोडल्यापासून दुकानात बसेपर्यंतचे. म्हणजे ८४ पैकी खरोखर रिकाम्या चौकटी १२, आणि त्यातल्याही सहांना सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेलं कारण आहे. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही. मुलाखतीत समोरचा माणूस हाच हिशोब डोक्यात करत असतो. त्याच्याआधी तुझा झालेला असला की तुझा आवाज बदलतो.

आता मुख्य मुद्दा. भोकं मोजणाऱ्या माणसाला तुझ्या भूतकाळात फारसा रस नसतो. त्याला पुढच्या दोन वर्षांची धास्ती असते. कारखान्यात माणूस घेताना मला एकच भीती असायची: ह्याला सहा महिने शिकवायचं, आणि सातव्या महिन्यात हा चाकणला जायचा. कॉलेजवाल्यांची भीती अशी की हा पहिल्या सेमिस्टरनंतर उठून परत एमपीएससीला बसेल. त्यामुळे जुन्या गॅपचं कारण कितीही घोटून पाठ केलंस तरी ती भीती जात नाही. ती घालवायला एका जागी टिकलेले अलीकडचे महिने लागतात. २०१९ ला काय झालं यापेक्षा गेल्या दीड वर्षात तू काय करत होतास हे जास्त बघितलं जातं. आणि गेलं दीड वर्ष तू एकाच ठिकाणी आहेस, फक्त त्याचा कागद नाही. त्यावर नंतर येते.

पुढच्या शिक्षणाचं बोलू. इथे लोक सगळ्या वाटा एकाच मापाने मोजतात, तिथेच फसतात.

राज्याच्या सीईटी सेलची एमबीएची कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची, फेरी घे. तिथे गुणवत्ता यादी परीक्षेच्या गुणांवर लागते. तू कुठे किती महिने होतास हे त्या यादीला दिसतच नाही. शिक्षणात खंड का पडला याचं शपथपत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात, ते प्रवेशाच्या वेळी मागतात, ते करून द्यायचं, विषय संपला. गेटवरून, म्हणजे इंजिनिअरांच्या देशपातळीवरच्या परीक्षेवरून, एम.टेक.चंही तेच. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, प्रवेश स्कोअरवर, आणि पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मात्र गेटवरून सरकारी कंपनीत जायचा विचार डोक्यात असेल तर सोडून दे. तिथे खुल्या गटाची वयोमर्यादा कंपनीनुसार साधारण २६ ते ३० असते, आणि तू काठावर आहेस. इथे अडवणार ते तुझं वय, नोकऱ्यांचे तुकडे नव्हेत. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात.

आयआयएमचं वेगळं. तिथे कॅट या प्रवेश परीक्षेबरोबर दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि बऱ्याच ठिकाणी अनुभवाचे महिनेही मोजतात. पण मोजतात तो पदवीनंतरचा, पूर्णवेळ, कागद असलेला अनुभव. तुझ्याकडे असे २४ महिने आहेत, तेही तिन्ही ठिकाणचे कागद हातात असतील तर. तीन तुकडे असल्याने बेरीज कमी होत नाही. तुकडे असल्याची झळ बसते ती मुलाखतीत.

आणि एक गोष्ट कोणीच आधी सांगत नाही. कॅपमधून प्रवेश सहज मिळतो, कारण तिथे इतिहास बघत नाहीत. तो इतिहास दोन वर्षांनी प्लेसमेंटच्या फॉर्मवर परत उगवतो. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या अटीत लिहिलेलं असतं: शिक्षणात अमुक वर्षांपेक्षा जास्त खंड नको, अनुभव असला तर एवढे महिने, एकाच क्षेत्रातला. मी अशी मुलं बघितलीत, आठ-दहा लाखांचं कर्ज काढून एमबीएला बसलेली, वर्गात पहिल्या पाचात, आणि अर्ध्या कंपन्यांच्या फॉर्मवर नावच टाकता येत नाही. म्हणून कुठल्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी तिथल्या प्लेसमेंट ऑफिसात जाऊन सरळ विचार: "माझ्यासारखी प्रोफाइल असलेली गेल्या वर्षीची दोन मुलं कुठे लागली?" ब्रोशर दाखवायला लागले की चहा पिऊन उठ.

जर्मनीचं गणित आणखी निराळं. आपल्याकडून फाउंड्री, प्रॉडक्शन, मटेरियल्स या विषयांना मुलं तिकडे जातात, त्यामुळे मला यातलं थोडं बघायला मिळतं. तिथल्या विद्यापीठाला तुझ्या गॅपपेक्षा तुझे विषय महत्त्वाचे: बी.ई.ला कुठले पेपर होते, किती क्रेडिटचे, त्यांच्या अभ्यासक्रमाला जुळतात का. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं, तेही शैक्षणिक कागदांची पडताळणी करतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. ब्लॉक अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. गॅपचा प्रश्न येतो तो बायोडाटा आणि व्हिसाच्या वेळी. जर्मन पद्धतीचा बायोडाटा तक्त्यासारखा असतो, महिना-वर्ष अशा तारखांचा, आणि त्यात मोकळी जागा सोडली की ती डोळ्यात भरते. तिथे "जून २०२० ते डिसेंबर २०२२: राज्य लोकसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी" अशी साधी ओळ चालते. मोकळी जागा चालत नाही. तुला वाटेल, नापास झालेली परीक्षा कशाला दाखवायची. दाखव. ३१ महिने काय केलं हे न कळणं जास्त वाईट.

या ३१ महिन्यांत आणखी एक तपशील आहे तो तू स्वतःच विसरलायस. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. १४ मार्चची तारीखही आयत्या वेळी पुढे गेली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती. म्हणजे तुझ्या तयारीतलं जवळजवळ वर्षभर परीक्षेची वाट बघण्यात गेलं. हे रडगाणं म्हणून सांगू नकोस, एका वाक्यात माहिती म्हणून सांग. पॅनेलवरच्या अनेकांच्या घरात एखादा भाचा-पुतण्या त्या वाटेने गेलेला असतो.

परदेशी अर्जाला खरी अडचण कुठे येते सांगू? शिफारसपत्रांत. दोन किंवा तीन पत्रं लागतात, आणि ज्याने कुठेच दोन वर्षं काढली नाहीत त्याला लिहून देणारं कोणी उरत नाही. ११ महिन्यांत सुपरवायझरची ओळख होते तोवर करार संपतो. कॉलेजच्या सरांनी त्यानंतर सात बॅचेस बघितल्या, त्यांना तुझा चेहरा आठवेल, काम आठवणार नाही. तेव्हा सरांना भेटायला जाताना एक पानभर आठवण घेऊन जा: बॅच, प्रोजेक्टचं नाव, त्यात तू नेमकं काय केलंस, नंतर कुठे काय केलंस. पेढे नेले नाहीस तरी चालेल, हे पान विसरू नकोस. दुसरं पत्र फाउंड्रीतल्या तुझ्या क्वालिटी इन्चार्जकडून घे. तो आता दुसऱ्या कारखान्यात असला तरी हरकत नाही. पत्रात त्याने "तेव्हा मी तिथे होतो" असं लिहावं.

आता नोकरीच्या बाजूने तुझे तुकडे बघू.

फाउंड्रीतले ११ महिने. कोल्हापुरात कोणालाही ११ हा आकडा दाखव, तो ओळखतो. काँट्रॅक्ट ११ महिन्यांचंच असतं, मग ब्रेक, मग परत नवा करार नाहीतर रामराम. शिरोली-गोकुळ शिरगावची निम्मी पोरं असे ११-११ महिने काढून तयार झालीत. तिथे "नोकरी सोडली" असं लिहूच नकोस. "कराराची मुदत पूर्ण" असं लिही. कारण खरंच तसं झालं आहे. पुण्या-मुंबईच्या किंवा बाहेरच्या माणसाला ही पद्धत माहीत नसते, त्याला ११ महिने म्हणजे वर्षही टिकला नाही असं वाटतं. ही एक ओळ त्याच्यासाठी.

काँट्रॅक्टरच्या पे-रोलचा दुसरा घोळ. तुझ्या पीएफच्या खात्यात फाउंड्रीचं नाव नाही, काँट्रॅक्टरचं आहे. बायोडाटात फाउंड्रीचं नाव आणि पासबुकात भलतंच नाव दिसलं की पडताळणी करणारी एजन्सी लाल शेरा मारते, आणि तुला कळतही नाही की ऑफर का थंडावली. त्यामुळे दोन्ही नावं लिही: अमुक फाउंड्रीत, तमुक काँट्रॅक्टरमार्फत. ट्रेनी म्हणून स्टायपेंडवर असणाऱ्यांचा तर पीएफच कापलेला नसतो. त्यांनी बँकेत स्टायपेंड जमा झाल्याचं स्टेटमेंट जपावं.

सेल्सची नोकरी लपवू का, याचं उत्तर इथेच आहे. २०१४ पासून पीएफ कापला जाणाऱ्या प्रत्येकाला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा एकच, नंबर आहे. कुठल्या कंपनीत कधी लागलास, कधी सुटलास, हे सगळं सर्व्हिस हिस्टरीत एकाखाली एक दिसतं. मोठी कंपनी ते मागतेच. तू लपवलेले आठ महिने तिथे छापलेले असणार. मग आठ महिन्यांच्या नोकरीचा प्रश्न राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. आणि खरं सांगू, तुझ्या तिन्ही नोकऱ्यांत मला एमबीएसाठी सगळ्यात कामाची तीच वाटते. रोज साठ-सत्तर फोन करून नकार ऐकलेला इंजिनिअर मार्केटिंगच्या वर्गात बाकीच्यांपेक्षा पुढे असतो. ती का सोडलीस ते तू लिहिलेलं नाहीस. टार्गेटचा जाच असेल तर तसं सांगता येतं, पण मालकाला शिव्या न घालता.

हे लेटर आणून देणारे मित्र मी पुष्कळ बघितलेत. एकदा एक मुलगा आमच्या शेजारच्याच एका कारखान्याचं अनुभवपत्र घेऊन आला. लेटरहेड झकास, शिक्का, सही, सगळं. रुजू झाल्याची तारीख वाचली आणि सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सोमवार. त्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. मी काहीच बोलले नाही, फक्त विचारलं, "पहिल्या दिवशी गेटवर कोण भेटलं?" पोराच्या कपाळावर घाम. त्याचं खरं काम, एका छोट्या वर्कशॉपमधली दोन वर्षं, त्याने पत्रात लिहिलंच नव्हतं, ती त्याला लाजिरवाणी वाटत होती. ती दोन वर्षं घेऊन आला असता तर मी घेतलं असतं.

याच्या अगदी उलटी गोष्ट. पाच वर्षांत चार नोकऱ्या केलेला एक मुलगा क्वालिटीच्या जागेला आला. आमचे क्वालिटी हेड बोटांवर महिने मोजत बसले, तोंड वाकडं. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक रिजेक्ट कास्टिंगचा तुकडा ठेवलेला असायचा, त्यावर "ब्लोहोल", म्हणजे गॅसने पडलेलं भोक, असा टॅग. त्यांनी तो सहज पुढे सरकवला. मुलाने तो उचलला, खिडकीजवळ उजेडात नेला, भोकात करंगळी फिरवली आणि म्हणाला, "साहेब, टॅग चुकलाय वाटतं. गॅसचं भोक आतून गुळगुळीत असतं. हे खरबरीत लागतंय, आणि जाड भागातच आलंय. श्रिंकेज असणार, रायझर बघायला पाहिजे." श्रिंकेज म्हणजे धातू थंड होताना आकसून पडलेली पोकळी, आणि ती पडू नये म्हणून जादा धातू पुरवतो तो रायझर. हेड महिने मोजायचे थांबले. तो मुलगा पुढे चार वर्षं आमच्याकडे होता.

तुला हे सांगण्याचं कारण: तुझ्या ११ महिन्यांत तू असं काय शिकलास जे हातात घेऊन दाखवता येईल? प्रश्नात एक ओळही नाही त्याबद्दल. रिजेक्शन कुठल्या पार्टला होतं, किती होतं, वाळूची ओल कोण तपासायचं, कस्टमरची तक्रार आली की पहिल्यांदा काय बघायचात? अकरा महिने असोत की अकरा वर्षं, कामाचा माणूस दोन प्रश्नांत कळतो. चाकणच्या पाच महिन्यांबद्दल फार खोलात जाऊ नको, मे २०२० चं कोणालाही समजावावं लागत नाही.

पुराचे सहा महिने. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, गावंच्या गावं शाळांत आणि मंगल कार्यालयांत राहिली होती. पंचगंगेची ४३ फुटांची धोक्याची पातळी इथल्या पोरासोरांना पाठ आहे. इथल्या पॅनेलला तू "घर आणि दुकान पाण्यात होतं" एवढं म्हटलंस की पुरे. बाहेरच्या अर्जासाठी मात्र तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत फाइलला लाव, घरात कुठेतरी असेलच. आणि हात जोडून सांगते, "पुराने मला नेतृत्व शिकवलं" असलं काही निबंधात लिहू नकोस. चिखल काढला, मोटारी खोलून सुकवल्या, उधारी वसूल केली, असं लिही. तेच वाचायला बरं लागतं.

आता दुकान. हे तुझं सगळ्यात भक्कम आणि कागदावर सगळ्यात कच्चं प्रकरण. १७ महिने तू काउंटरला आहेस, पण जीएसटी वडिलांच्या नावावर, गल्ल्यातून लागेल तसे पैसे घेतोस, पगार नाही. ह्याला अनुभव म्हणून दाखवायचं तर आजपासून नीट कर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या. वडिलांनी तुला पगार द्यावा, बँकेतून, दरमहा, आणि तू रिटर्न भर. मागच्या तारखांचे कागद तयार करायचे नाहीत. मागचे १७ महिने "कौटुंबिक व्यवसायात, पगाराविना" असंच लिही, खरं आहे ते. काय केलंस ते आकड्यांत लिही: किती गावांना पंप गेले, उधारीचे दिवस किती होते आणि किती झाले, बिलिंग वहीवरून कॉम्प्युटरवर आणलंस का. एमबीएच्या पॅनेलला दुकान चालवलेला मुलगा आवडतो. "मी फक्त दुकानात बसतो" म्हणणारा आवडत नाही. काम तेच असतं हं दोघांचं.

मुलाखतीत गॅपचा प्रश्न आला की चाळीस सेकंदांच्या वर बोलू नकोस. साधारण असं: "२०२० मध्ये चाकणची नोकरी गेल्यावर मी अडीच वर्षं राज्यसेवेची तयारी केली. पूर्व परीक्षा पास झालो, मुख्य नाही." (झाला असशील तरच हे म्हण.) "तो विषय डिसेंबर २०२२ ला बंद केला. त्यानंतर सेल्स केलं आणि आता दुकानाची खरेदी आणि वसुली बघतो." आणि थांब. पुढचा प्रश्न त्यांना विचारू दे. "बंद केला" हे शब्द महत्त्वाचे, कारण खुल्या गटाला एमपीएससीची वयोमर्यादा ३८ आहे हे त्यांनाही माहीत असतं. मनात अजून एक अटेम्प्ट असेल तर मात्र आधी तो निकाल लाव, मग कर्ज काढ.

या विषयावर लिहिलं की मुलींचे निरोप येतात, म्हणून दोन ओळी. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण यातला खंड तुमचा दोष नाही, पण टेबलापलीकडचा माणूस तो तसा वागवतो. २००९ ला मी परत नोकरीला निघाले तेव्हा एका मालकाने विचारलं होतं, "मग आता घरात कोण बघणार?" आणि सुटताना होता त्यापेक्षा कमी पगार पुढे केला. मी घेतला. आज घेतला नसता, पण तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं. संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी वाट थोडी मोकळी आहे: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला महिलांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे आणि मातृत्व-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही. तुकड्यांत शिकायला शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर त्यासाठीच आहे.

तर तुला काय करायला सांगेन? दोन्हीतलं एकही या वर्षी नको. एमबीए आणि जर्मनी हे दोन पर्याय तू एका दमात लिहिलेस, यावरूनच कळतं की तुला नेमकं काय हवंय ते ठरलेलं नाही, आणि हे पॅनेललाही दहा मिनिटांत कळेल. पंपांत आणि वसुलीत रमतोस की कास्टिंगमध्ये, हे आधी ठरव. दुकान असेल तर वर सांगितलं तसं ते कागदावर आण, सीईटी आणि कॅट दोन्ही दे, आणि पुढच्या हंगामाला जा. कास्टिंग असेल तर गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीमध्ये क्वालिटीला परत लाग, पगार थोडा कमी पडला तरी, आणि दीड वर्ष हलू नकोस. तेवढ्यात जर्मन भाषेच्या दोन पातळ्या होतात. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून ती घाई आत्ता नको. किंमत मोजावी लागेल का? लागेल. तुझ्या बॅचचे जे सलग राहिले त्यांच्यापेक्षा पहिला पगार कमी असेल, आणि तीस-बत्तीसाव्या वर्षी तू तेविशीच्या पोरांबरोबर वर्गात बसशील. त्याने फार बिघडत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

या आठवड्यातली कामं तेवढी सांगते. यूएएन पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी छापून घे. तिन्ही ठिकाणची सोडल्याची तारीख भरलेली आहे का बघ. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती स्वतःलाच ऑनलाइन भरता येते. नाव तिन्हीकडे एकसारखं आहे का, की कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब, तेही बघ. दोन यूएएन निघाले तर एकत्र करून घे. पीएफ काढला नसशील तर काढू नकोस, ट्रान्सफर कर. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती वेगवेगळ्या नोकऱ्यांचे तुकडे जोडूनच मोजतात. मग अनुभवपत्रासाठी काँट्रॅक्टरकडे जा. फोन करू नकोस, प्रत्यक्ष जा, सकाळी अकराच्या आत, नेमणुकीचा कागद आणि दोन पगारपत्रकं घेऊन. २०१८ ची रजिस्टरं अजून त्याच्या माळ्यावर असतील. एकदा रद्दीवाल्याला गेली की तुझे ११ महिने फक्त तुझ्या तोंडी राहतील.